दुःखाचा पाक

रशियन शब्दकोशात चूल, बिस्कीट, यकृत आणि दुःख शेजारी-शेजारी नांदतात. पेच, पेचेन्ये, पेचेन, पेचाल. पुण्यात संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला जायचे तेव्हा हे चार शब्द एका दमात पाठ झाले. पेचात पडणं मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. वर्गात कुणी विचारलं नाही की बिस्किटाचा दुःखाशी काय संबंध. परीक्षेला तो प्रश्न येणार नव्हता.

संबंध आहे, आणि तो मला बऱ्याच उशिरा, माक्स फास्मर यांच्या व्युत्पत्तिकोशात सापडला. या कोशाची स्वतःची एक गोष्ट आहे. फास्मर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्लिनमध्ये बसून रशियन भाषेतल्या शब्दांची मुळं खणत होते. जानेवारी १९४४मध्ये त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. ग्रंथसंग्रह गेला, टिपणांच्या चिठ्ठ्यांचा सगळा साठा गेला. माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९५०च्या दशकात हायडेलबर्गहून कोश छापून पुरा केला. व्युत्पत्ती हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असं कुणी म्हणालं की मला त्या जळालेल्या चिठ्ठ्या आठवतात.

तर पेचाल. रशियनमध्ये याचा अर्थ खिन्नता, दुःख. बल्गेरियनमध्ये पेचाल, सर्बियनमध्येही पेचाल, आणि स्लाव भाषांमधली सर्वांत जुनी लिखित भाषा, जिला प्राचीन चर्च स्लावोनिक म्हणतात, तिच्यातही पेचालि. शेवटचा इकार जवळजवळ गिळलेला. या सगळ्यांच्या मागे अभ्यासक एक शब्द उभा करतात आणि त्याच्या डोक्यावर चांदणी ठेवतात: *पेचालि. हा आदि-स्लाव भाषेतला शब्द. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही आणि ऐकायला आपण तिथे नव्हतो. नातवंडांची नाकं-डोळे पाहून पणजीचा चेहरा काढावा तसा तो काढलेला आहे.

चांदणीची ही पद्धत रूढ केली ऑगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने. १८६८ साली, मरणाच्या वर्षीच, त्याने याहूनही धाडसाचा उद्योग केला: आदिम इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, रशियन यांची पूर्वज मानली जाणारी पण जिचा एकही शिलालेख नाही अशा भाषेत, एक बोधकथा रचली. लोकर कातरून नेलेली एक मेंढी ओझी वाहणारे घोडे बघते आणि म्हणते, माणूस तुम्हाला हाकतोय हे पाहून माझ्या काळजाला दुखतं. घोडे म्हणतात, तुझ्या लोकरीचं ऊबदार वस्त्र माणूस स्वतःसाठी करतो आणि तुझं अंग उघडं, हे पाहून आमच्या काळजाला दुखतं. मेंढी हे ऐकते आणि रानात पळून जाते. संपली गोष्ट. एक मेलेली भाषा उठवून बसवल्यावर विद्वानाने तिच्या तोंडी पहिलं काय घातलं, तर दुसऱ्याचं बघून होणारा कळवळा. मला हा श्लायखर त्यासाठी आवडतो, जरी त्याची ती भाषा आता कुणी खरी मानत नाही. ती फारच संस्कृतसारखी होती. का, ते याच लेखात पुढे येईल, आणि त्याची किल्ली गंमत म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात आहे.

*पेचालिची फोड सरळ आहे. मूळ धातू 'पेक्': भाजणं, शिजवणं. त्याला 'एल' जातीचा प्रत्यय. स्लाव भाषांत क या ध्वनीच्या पुढे ए किंवा इ आला की त्याचा च होतो. जीभ पुढच्या स्वराच्या ओढीने आधीच टाळूकडे सरकते. म्हणून पेक्-चं पेच्- झालं, आणि च-नंतरच्या लांब ए-चा आ झाला. पेकेलि, पेचेलि, पेचालि. आजही रशियन माणूस 'मी भाजतो' म्हणताना 'पेकू' म्हणतो आणि 'तू भाजतोस' म्हणताना 'पेच्योश'. एकाच क्रियापदात क आणि च आलटून-पालटून.

आता आपल्याकडे बघा. साखरेचा पाक, पक्व फळ, पिकलेला आंबा, पक्का रंग. आणि दुसरीकडे पचन, पचणं, अपचन. तोच क, तोच च. संस्कृतचा धातू पच्. पाणिनीय धातुपाठात तो 'डुपचष् पाके' असा येतो, म्हणजे व्याख्येतच क आणि च दोघे हजर. रशियन 'पेच' आणि संस्कृत 'पच्' एकाच मुळाचे आहेत यात वाद नाही. ग्रीकमध्ये याच मुळापासून 'पेस्सो', शिजवणं आणि पचवणं. त्यातून पेप्सिन हे पाचक द्रव्य, आणि १८९८मध्ये एका अमेरिकन औषधविक्याने आपल्या सरबताला त्याच कुळातलं नाव दिलं, पेप्सी-कोला. लॅटिनमध्ये 'कोक्वो', ज्यातून पुढे इंग्रजीतला कुक आला.

इथे एक थांबा घ्यायला हवा, कारण या टप्प्यावर घरच्या ग्रुपवर हमखास एक संदेश येतो: रशियन ही संस्कृतची लेक आहे, पुरावे खालीलप्रमाणे. पुराव्यांत पच् आणि पेच असतातच. पण पच् हाच त्या दाव्याविरुद्धचा साक्षीदार आहे. 'पचति'मध्ये च-च्या पुढे अ आहे. अ-समोर क-ला च होण्याचं काही कारण नाही. 'करोति'तला क तसाच राहिला की. मग पच्-मधल्या क-चा च कुणी केला? तिथे पूर्वी ए होता. क-चा च करून तो ए स्वतः अ-मध्ये विरून गेला. 'आणि' या अर्थाच्या 'च' अव्ययाचंही तेच: लॅटिनमध्ये 'क्वे', ग्रीकमध्ये 'ते', दोघांकडे ए शाबूत. १८७०च्या दशकात युरोपातल्या पाच-सहा जणांना हे जवळजवळ एकाच वेळी उमगलं, आणि आधी कुणाला, यावर त्यांची बरीच भांडणं झाली. संस्कृत ही आई नसून बहिणींमधली एक आहे हे अभ्यासकांना आधीच मान्य होतं, या शोधाने तिचं थोरलेपणही गेलं. श्लायखर बिचारा त्याआधीच गेला होता. त्याच्या कथेचं शीर्षक 'मेंढी आणि घोडे', त्यातला 'आणि' त्याने 'क' असा लिहिला होता. हवा होता 'क्वे'. तेव्हा या एका स्वराच्या बाबतीत मॉस्कोतल्या बेकरीतला 'पेच' आपल्या 'पच्'पेक्षा जुनी ठेव सांभाळून आहे. हे सांगितलं की ग्रुपवर थोडा वेळ शांतता असते, मग कुणीतरी शुभ सकाळचं फूल टाकतं.

धातू सामाईक आहे, पण दुःख सामाईक नाही, आणि मला सांगायचंय ते हेच. पच् आणि पेक् ही वाडवडिलांची इस्टेट; त्या धातूला दुःखाचा अर्थ जडला तो प्रत्येक घरात निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या वाटेने. *पेचालि हा स्लावांनी स्वतः घडवलेला शब्द आहे. त्यांची वाट कुठून गेली ते मागे राहिलेल्या शब्दांवरून बऱ्यापैकी दिसतं.

पाचव्या-सहाव्या शतकातल्या स्लाव वस्त्या उत्खननात सापडतात, आजच्या युक्रेनपासून झेकियापर्यंत. त्यांची ओळख पटते ती दोन गोष्टींनी: हाताने घडवलेली, नक्षी नसलेली साधी मडकी, आणि जमिनीत अर्धवट खोदलेलं चौकोनी एकखणी घर. त्या घराच्या एका कोपऱ्यात दगडी भट्टी. धुराडं नाही. घर आणि भट्टी एवढी जवळ की घरात असणं म्हणजे भट्टीपाशीच असणं. भट्टीचा शब्दही याच धातूचा, त्यातूनच रशियन 'पेच'. पुढे रशियन शेतकऱ्याच्या घरात ही पेच एवढी मोठी झाली की थंडीत म्हातारी माणसं तिच्यावर झोपत. अशा घरात राहणाऱ्यांना 'भाजणं' ही क्रिया समजावून सांगावी लागत नसणार.

८६३ साली सलोनिकाचे दोन भाऊ, कॉन्स्टंटिन आणि मेथोडियस, मोराव्हियाच्या राजाच्या बोलावण्यावरून निघाले. स्लाव भाषेत बायबल आणायचं, तर आधी लिपी हवी. कॉन्स्टंटिनने ती बनवली. ग्रीकमधून भाषांतर करताना त्यांना 'चिंता करणं' यासाठी शब्द हवा होता. लोकांच्या तोंडी होता तो त्यांनी उचलला: पेक् धातूचं आत्मनेपद म्हणता येईल असं रूप, 'स्वतःला भाजणं'. चर्च स्लावोनिक बायबलमध्ये 'जिवाची चिंता करू नका' या वचनात तोच येतो, 'ने पेत्सितेस्या'. पण माझ्या मते या शब्दाचा खरा प्रयोग लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशू दोन बहिणींच्या घरी येतो. मेरी पायाशी बसून ऐकते. मार्था पाहुण्यांच्या सरबराईत बुडालेली, शेवटी वैतागून तक्रार करते की हिला जरा मला हात लावायला सांगा. येशू म्हणतो, मार्था, मार्था, तू किती गोष्टींची चिंता करतेस. स्लावोनिकमध्ये: 'मार्फो, मार्फो, पेचेशिस्या'. शब्दशः, तू स्वतःला भाजतेयस. ग्रीक मूळ क्रियापदात चुलीचा मागमूस नाही. तो भाषांतरात आला, आणि नेमका स्वयंपाकघरातल्या बाईला उद्देशून आला. भाषांतरकाराने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्यापाशी तोच शब्द होता. (मी कायम मार्थाच्या बाजूची आहे, हेही इथे नोंदवते. सगळ्याच जणी पायाशी बसल्या तर जेवायचं काय?)

पेरणाऱ्याच्या दृष्टान्तात काही बी काटेरी झुडपांत पडतं आणि घुसमटतं. ते काटे म्हणजे 'संसाराची चिंता'. स्लावोनिकमध्ये तिथे 'पेचाल' आहे. म्हणजे हा शब्द सुरुवातीला गेलेल्या माणसासाठी रडण्याचा नव्हता, किंवा निदान तेवढ्याचा नव्हता. तो असलेल्या माणसांसाठी जळण्याचा होता. भाकरी पुरेल का, पोर तापातून उठेल का. दुःख या अर्थाकडे तो हळूहळू कलला, कारण चिंता करकरून शेवटी बऱ्याचदा तेच वाट्याला येतं.

याचा पडताळा पाहायचा तर पश्चिमेकडच्या स्लाव भाषा बघाव्यात. झेकमध्ये 'पेचे' म्हणजे काळजी घेणं, शुश्रूषा. 'पेचिवो' म्हणजे बेकरीतला पाव-रोट्यांचा माल. प्रागमध्ये म्हाताऱ्या माणसांकडे बघायला येणारी बाई 'पेचोव्हातेल्का', आणि ती येताना पेचिवो घेऊन आली तर एकाच धातूचे दोन शब्द एका पिशवीत. पोलिशमध्ये 'ओपिएका' म्हणजे देखभाल, पालकत्व. आईबापांविना राहिलेल्या मुलांना दुसऱ्या घरी सांभाळायच्या व्यवस्थेचं कायद्यातलं नाव 'पिएचा झास्तेंप्चा', आणि त्यासंबंधीचा कायदा २०११चा. सरकारी कागदावरचा हा शब्द, ज्याच्या मुळाशी कुणीतरी कुणासाठी तरी स्वतःला भाजून घेतंय. रशियनमध्येही 'पोपेचितेल' म्हणजे विश्वस्त, पालक. आणि 'बेस्पेच्नी', ज्याला भाजून घेणं माहीतच नाही असा: निश्चिंत, पण बऱ्याचदा बेफिकीर. आपल्या 'बिनघोर'चा रोख याहून मवाळ आहे.

बल्गेरियनांनी मात्र कमालच केली. त्यांच्याकडे 'पेचाल' म्हणजे दुःख, आणि 'पेचाल्बा' म्हणजे नफा. 'पेचेल्या' म्हणजे मी कमावतो, मी जिंकतो. लॉटरीच्या तिकिटावर नख घासून जी रक्कम निघते ती पेचाल्बा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा दोन परक्या शब्दांचा अपघात असेल असंच कुणालाही वाटावं, पण मधला दुवा सरळ आहे. चिंता वाहणं, मग त्यासाठी झिजणं, मग त्या झिजण्यातून हाती येणारं. मॅसेडोनियात त्याच शब्दाला तिसरी कळा आली. तिथल्या डोंगरी गावांतले पुरुष गवंडी-सुतारकामाला परमुलखात जात, वर्षानुवर्षं जात. त्या जाण्याला 'पेचाल्बा' आणि त्यांना 'पेचाल्बारी' म्हणत. गालिच्निक या गावात लग्नं जुलैमधल्या संत पीटरच्या सणाला धरून लावायची रीत पडली, कारण बाहेर गेलेले पुरुष तेव्हा घरी येत. नवरदेव काही दिवसांनी परत कामाच्या वाटेला. कमाई आणि दुःख यांना एकच शब्द असणं हा अशा गावात विनोद राहत नाही.

आणि मग मॉस्को. तिथे या शब्दाने थेट राजसत्तेशी पंगा घेतला. जुन्या रशियात राजाची खप्पामर्जी झालेल्या माणसासाठी धर्मगुरूने रदबदली करायची प्रथा होती. तिचं नाव 'पेचालोव्हानिये'. आपण मराठीत 'शब्द टाकणं' म्हणतो. ते म्हणत 'दुःख करणं', कुणाच्या तरी वतीने. हा धर्मगुरूंचा हक्कच मानला जाई. चौथ्या ईव्हानला, ज्याला जग 'भयंकर' म्हणून ओळखतं, तो सलू लागला. डिसेंबर १५६४मध्ये तो मॉस्को सोडून निघून गेला आणि जानेवारीत अलेक्सांद्रोव्हा स्लोबोदाहून पत्र पाठवलं. तक्रारींतली एक अशी, की मी कुणा अपराध्याला शासन करायला जावं तर धर्मगुरू सरदारांना सामील होऊन त्याला पाठीशी घालतात. परतला तो स्वतःची वेगळी जहागीर आणि काळ्या वेषातले स्वार घेऊन. तीच ती ओप्रिच्निना. १५६६मध्ये सोलोवेत्स्की मठाच्या फिलिपला त्याने मेट्रोपॉलिटन, म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, केलं, ओप्रिच्निनात ढवळाढवळ करणार नाही असं वदवून घेऊन. दोन वर्षांत फिलिपला राहवलं नाही. १५६८मध्ये क्रेमलिनमधल्या उस्पेन्स्की कॅथेड्रलात सगळ्यांच्या देखत त्याने झारला आशीर्वाद नाकारला आणि रक्तपात थांबवायला सांगितलं. त्याला पदावरून काढलं, त्व्हेरच्या मठात कोंडलं, आणि डिसेंबर १५६९मध्ये तिथे त्याचा गळा दाबला गेला. नंतरची चरित्रं त्यासाठी झारचा हस्तक माल्युता स्कुरातोव्हचं नाव घेतात. दुसऱ्यासाठी दुःख करण्याचा हक्क होता, तो असा मोडून काढला. रशियनमध्ये 'पेचाल्निक' हा शब्द अजून आहे, दुसऱ्यांसाठी हळहळणारा, त्यांची बाजू घेणारा. जुनाट वाटतो, पण आहे.

रशियनांकडे दुःखाचा आणखी एक मोठा शब्द आहे: 'गोरे'. हा पेचालपेक्षा जड, कपाळावर येऊन कोसळणारा. *गोर्ये, 'गोरेति' म्हणजे जळणं यापासून. या धातूची आपल्याकडची शाखा ऐकून मी हसले होते: संस्कृत घर्म, म्हणजे उष्णता, आणि त्याचा मराठी अवतार घाम. फारसीतून आलेला गरम हाही त्याच कुळातला. म्हणजे रशियनाचं दुःख, आपला घाम आणि गरम चहा एका रक्ताचे. 'गोर्की' म्हणजे कडू, हेही तिथूनच. जिभेला भाजतं ते कडू. अलेक्सेई पेश्कोव्ह नावाच्या तरुणाने १८९२मध्ये पहिली कथा छापताना हे टोपणनाव घेतलं आणि मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी त्याला गॉर्की म्हणून डोक्यावर घेतलं. रशियन लग्नात पाहुणे 'गोर्को! गोर्को!' म्हणजे 'कडू! कडू!' असा गलका करतात, आणि नवरा-नवरीने चुंबन घेऊन दारूचा कडवटपणा घालवायचा असतो. आपल्याकडे कडू घास असतो तो अंत्यविधीनंतरचा, शेजारच्या घरून आलेला पिठलं-भात. त्या दिवशी घरातली चूल पेटत नाही.

'गोरे'ला सतराव्या शतकातल्या एका रशियन पद्यकथेने चक्क माणूस केलं. १८५६मध्ये पीपिन या अभ्यासकाला एका जुन्या हस्तलिखित बाडात ती मिळाली. आईबापांचं न ऐकणारा एक पोरगा घराबाहेर पडतो, पैसा उधळतो, आणि त्याला गोरे भेटतं. अनवाणी, अंगावर चिंधी नाही, कमरेला सालीचा करगोटा. ते त्याची पाठ सोडत नाही. पोरगा ससाणा होऊन उडतो तर गोरे पांढरा शिकारी पक्षी होऊन मागे. तो पारवा होतो तर ते करडा बाज. तो लांडगा होऊन रानात पळतो तर ते शिकारी कुत्रे घेऊन हजर. शेवटी तो मठात शिरतो आणि गोरे दाराबाहेर राहतं. लोकांना दुःखाचा स्वभाव किती बारकाईने कळलेला असतो! ते श्रीमंती थाटात येत नाही, राक्षस होऊन येत नाही. ते तुमच्याहून भिकारडं असतं आणि तुमच्याशी सलगी करतं.

गोरेची व्युत्पत्ती देताना फास्मर हटकून एक संस्कृत शब्द पुढे ठेवतात: शोक. नात्याने तो गोरेचा कुणी लागत नाही, पण चालीने सख्खा. शुच् म्हणजे तळपणं, जळणं. ऋग्वेदात अग्नी 'शोचिष्केश' आहे, ज्वाळांचे केस असलेला. शुचि म्हणजे लखलखीत, म्हणून शुद्ध. शुक्र त्याच धातूचा, आणि शौचही. धातू कुठे-कुठे जाऊन बसतील याला नेम नाही. तोच तळपणारा अग्नी छातीत शिरला की शोक. तप् धातूचीही हीच कथा: ताप, संताप, अनुताप, पश्चात्ताप. आणि मराठी बोलीत तर या आगीला तोटा नाही. होरपळणं, करपणं, पोळणं, जिवाची काहिली. वृत्तपत्रांच्या श्रद्धांजलीत अकाली गेलेला माणूस 'मनाला चटका लावून' जातो. एवढं छापून-छापून गुळगुळीत झालेलं वाक्य, पण चटका हा अजूनही तव्याचाच आहे.

या संदर्भात ते चिता-चिंतेचं सुभाषित मात्र अस्सल फसवं. एका अनुस्वाराचा फरक, चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंताला. व्युत्पत्ती म्हणून साफ चूक: चिता आली 'चि' म्हणजे रचणं यातून, लाकडांचा रचलेला ढीग, चिंता चिंतनाची. पण सुभाषितकाराने खोट्या पायावर जे घर बांधलं ते स्लावांनी खऱ्या पायावर बांधलेलं आहे. चिंता जाळते, हे त्यांच्याकडे थेट धातूतच आहे.

आता शिजवण्याकडे परत येते, कारण पच् धातू दुःखाजवळ फक्त स्लावांकडे गेला असं नाही. होमरच्या इलियडमध्ये, शेवटच्या सर्गात, म्हातारा राजा प्रियाम रात्री शत्रूच्या तंबूत येतो, ज्याने आपला मुलगा मारला त्याच्याकडे मुलाचं प्रेत मागायला. अकिलीज प्रेत देतो आणि म्हणतो, आता जेव. जेवायला राजी करण्यासाठी तो नायोबीची गोष्ट सांगतो: बारा मुलं गेली, पण रडून थकल्यावर तिलाही अन्नाची आठवण झालीच. मग ती दगड झाली, आणि दगड होऊनही देवांनी दिलेली दुःखं 'पेस्से'. शिजवते आहे, पचवते आहे. जेवण झाल्यावर प्रियाम म्हणतो, मुलगा गेल्यापासून डोळा मिटला नाही, नुसता कण्हत होतो आणि अगणित दुःखं 'पेस्सो'. आणि लगेच: आत्ता कुठे अन्नाचा घास घेतला, घशाखाली वाइन उतरली, तोवर काही चाखलं नव्हतं. अन्न शिजायचं थांबलं होतं आणि दुःख शिजत होतं. तो धातू तोच, आपला पच्. ही भाषा होमरला ना स्लावांकडून मिळाली, ना त्याने ती त्यांना दिली.

आणि आपल्याकडे भवभूती. आठव्या शतकातला, विदर्भातल्या पद्मपुरचा. 'उत्तररामचरित'च्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मुरला ही नदी रामाच्या दुःखाबद्दल बोलते: 'पुटपाकप्रतीकाशो रामस्य करुणो रसः'. पुटपाक ही वैद्यकातली कृती. ओली वनस्पती वाटून गोळा करायचा, पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यांत ठेवायचा. माती तांबडीलाल होईपर्यंत. बाहेरून एक भेग दिसता कामा नये. आत सगळं रटरटत असतं, वाफेलाही वाट नाही. राजा असल्यामुळे रामाला रडता येत नाही, सीतेला त्यानेच घालवलेलं आहे. या अवस्थेला भवभूतीने काव्यातला कमळ-चंद्र न वापरता वैद्याच्या भट्टीतला गोळा वापरला. संस्कृत नाटकात दुःखाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरं माहीत नाही. आणि त्यातला पाक हा पेचालचा सख्खा चुलतभाऊ.

मराठीत आपण रोज म्हणतो, तिने ते दुःख पचवलं, त्याला अपमान पचला नाही. पण आपल्या पचवण्यात पुढे संपणं आहे. पचलं की अंगी लागलं, विषय मिटला. नायोबीचं पचत नाही, म्हणून ती दगड होऊनही शिजवतेच आहे. राम आतल्या आत शिजतो आहे. स्लावांची बाई भट्टीशी उभी राहून दुसऱ्या कुणासाठी भाजली जाते. एकाच धातूच्या या तीन-चार पाककृती, आणि मला त्यांतली स्लावांची सर्वांत जवळची वाटते, कदाचित आपल्याकडेही काळजी हा शब्द काळजाचाच असल्यामुळे. रशियनमध्ये तर भाजण्याच्या त्या कुळात यकृत बसलेलंच आहे, पेचेन.

सगळी दुःखं मात्र या भट्टीत बसत नाहीत. रशियनांचा जगभर मिरवलेला शब्द 'तोस्का', ती हुरहुर जिला कारणच सापडत नाही, तिच्या मुळाशी आग नाही. बहुतेक व्युत्पत्तीकार तिला 'तोश्ची' या शब्दाशी जोडतात: रोडका, खंगलेला, मुळात रिकामा. लिथुआनियनमध्ये 'तुश्चियास' म्हणजे रिकामा. संस्कृतमध्ये याचा भाऊबंद तुच्छ्य, ज्याचं आपण पुढे तुच्छ करून टाकलं आणि अर्थही तसाच हलका केला. वेदांत तो नुसता 'पोकळ' होता. नासदीय सूक्तात तो येतो: पोकळीने झाकलेलं जे काही होतं, ते एक, तपाच्या सामर्थ्याने जन्माला आलं. 'तुच्छ्येन' आणि 'तपसः', रिकामपण आणि ताप, एका ओळीच्या दोन चरणांच्या सुरुवातीला. सूक्तकर्त्याला तिथे विश्वाची उत्पत्ती सांगायची होती, दुःखाची नव्हे, आणि त्या ओळीतून मी दुःखाचं काही काढायला गेले तर तो घरच्या ग्रुपवरच्या संदेशासारखाच उद्योग होईल. तरी ती ओळ मी वहीत पेचालच्याच पानावर लिहून ठेवली आहे.